कै. रमाबाई रानडे : रुग्णसेविकांच्या पाठीराख्या

थोर व्यक्तींचीं चरित्रें लिहितांना त्यांनीं स्वतः काय संपादन केलें हें सांगण्याची रीत आहे. परंतु कांहीं व्यक्तींचा थोरपणा त्यांनीं दुसऱ्यांसाठीं कोणतें दार उघडलें यावरूनच मोजावा लागतो. दार एकदां उघडलें म्हणजे शेंकडों माणसें त्यांतून येजा करूं लागतात आणि तें एके काळीं बंद होतें, ही गोष्ट थोड्याच वर्षांत कोणाच्या ध्यानींही राहत नाहीं. आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें जें चरित्र ठेवीत आहों, तें असेंच एक दार उघडणाऱ्या बाईंचें आहे.

घाटकोपरचें राजावाडी, बोरिवलीचें भगवती, अंधेरीचें होली स्पिरिट हीं रुग्णालयें आमच्या उपनगरांतील मुलांस परिचयाचीं आहेत. अशा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत डोकावण्याचा प्रसंग आला, तर तेथें वडील परिचारिकेच्या मागोमाग चालणारी अठरा-एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी पुष्कळदां दृष्टीस पडते. हातांत लहानशी वही असते आणि नजर सिस्टरच्या हातांवर खिळलेली असते. सिस्टर यंत्राच्या पडद्यावरील आंकडे पाहते. पण तेवढ्यावर न थांबतां ती रोग्याच्या नखांचा रंग पाहते, त्याच्या त्वचेस हात लावते, छातीकडे पाहून श्वासाची चाल ओळखते, सलाइनच्या नळ्या तपासते, आणि जो रोगी बोलूं शकत नाहीं त्यालाही नांवानें हांक मारून आपण आतां काय करणार आहों तें सांगते. विद्यार्थिनी हें सारें पाहते, टिपून घेते, आणि सांगितलें म्हणजे स्वतः करूं लागते. ती कोणत्याही जातीची असो, कोणत्याही धर्माची असो, तिला तेथें उभी पाहून कोणाला कांहींच वाटत नाहीं.

कोणाला कांहींच वाटत नाहीं, हेंच मोठें नवल होय. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत पांढरपेशा हिंदु घरांतल्या मुलींनीं व विधवांनीं असेंच नर्सच्या मागें उभें राहून शिकावें, म्हणून एका बाईंना आपली जन्मभराची पुण्याई पणास लावावी लागली. त्या बाई म्हणजे कै. रमाबाई रानडे.

रमाबाई हें नांव ऐकल्याबरोबर आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा केडगांवच्या मुक्तिसदनाच्या पंडिता रमाबाई आठवतील. त्या निराळ्या व ह्या निराळ्या. मात्र दोघी समकालीन होत्या व एकमेकींच्या परिचयाच्या होत्या. आमच्या चरित्रनायिकेचा जन्म १८६२ सालच्या जानेवारी महिन्यांत देवराष्ट्रें या गांवीं कुर्लेकर घराण्यांत झाला. हें गांव त्या वेळीं सातारा जिल्ह्यांत होतें. आज तें सांगली जिल्ह्यांत मोडतें. माहेरीं त्यांचें नांव यमुना होतें. मुलीनें हातीं लेखणी धरणें हें त्या काळीं कुलीन घरांत अशुभ मानीत, त्यामुळें यमुनेला अक्षरओळख नव्हती.

१८७३ सालीं, अकरा वर्षांच्या वयांत, तिचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झाला. रानडे तेव्हां पुण्यास न्यायाधीश होते व त्यांचें वय एकतीस वर्षांचें होतें. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षीं निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थांनीं स्वतः मात्र वडिलांच्या आग्रहाखातर एका लहान मुलीशीं लग्न लावलें, याबद्दल लोकांनीं त्यांस पुष्कळ दूषण दिलें, व तें सर्वस्वीं अन्यायाचें होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु लग्न झाल्यावर त्यांनीं जें केलें, तेंही तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. त्यांनीं ह्या मुलीस शिकविण्याचें काम लागलीच हातीं घेतलें. पाटीवर अक्षरें काढण्यापासून आरंभ झाला. पुढें मराठी वाचन आलें, आणि नाशिकास बदली झाल्यावर इंग्रजीचे पाठही त्यांनीं स्वतःच देण्यास सुरुवात केली. दिवसभर कचेरीचें काम करून आलेला मनुष्य रात्रीं आपल्या पत्नीचा गुरु होई.

हें शिक्षण सुखाचें नव्हतें. एकत्र कुटुंबांत सासू, नणंद व इतर वडील बायका होत्या. त्यांस हा प्रकार मुळींच पसंत नव्हता. पुरुषांनीं कितीही आग्रह केला तरी बायकोनें तो टाळावा, वडिलांची मर्जी राखावी, असा त्यांचा उपदेश असे. रमाबाईंनीं तो मानला नाहीं म्हणून त्यांच्याशीं अबोला धरण्यांत येई, टोमणे मारण्यांत येत. पुण्यास मिस हर्फर्ड नांवाच्या इंग्रज बाई त्यांस इंग्रजी शिकविण्यास येऊं लागल्या, तेव्हां तर त्या बाईंच्या स्पर्शानें विटाळ होतो म्हणून घरांत नवाच वाद उपस्थित झाला. वडील मंडळींस उलट उत्तर करावयाचें नाहीं आणि अभ्यासही सोडावयाचा नाहीं, असा पतीनें घालून दिलेला नियम रमाबाईंनीं पाळला. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. वर्गांत शिक्षक रागावले तर आपलें मन दिवसभर खिन्न होतें. येथें एका मुलीस वर्षानुवर्षें शिकण्याबद्दलच रागें भरण्यांत येत होतें, आणि ती शिकत होती.

१८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. त्या समाजाच्या सभांस रमाबाई रानडे जात असत. दोन वर्षांनीं, १८८४ सालीं, पुण्यांत मुलींसाठीं हायस्कूल काढावें म्हणून खटपट चालली. त्या प्रसंगीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढें रमाबाईंनीं इंग्रजी मानपत्र वाचून दाखविलें. एका हिंदु स्त्रीनें भर सभेंत, परक्या पुरुषांसमक्ष, परक्या भाषेंत बोलावें ही गोष्ट त्या काळीं केवढी मोठी होती याची आज कल्पना येणें कठीण. बाहेर सभेंत वाहवा झाली. घरीं मात्र वडील बायकांचा संताप सोसावा लागला. त्याच खटपटींतून पुण्याची हुजूरपागेची मुलींची शाळा उभी राहिली.

१८९३ सालीं रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले व हें दांपत्य मुंबईस राहावयास आलें. मुंबईंत रमाबाईंच्या कार्यास मोकळें क्षेत्र मिळालें. त्यांनीं हिंदु स्त्रियांसाठीं एक मंडळ चालविलें. त्यांत भाषा, सामान्य ज्ञान, शिवण व हस्तकला यांचे वर्ग निघाले. घरांतील कामें उरकून दुपारीं दोन तास बाहेर पडणाऱ्या बायकांस एकत्र बसविणें, त्यांचा संकोच घालविणें, त्यांच्याकडून चार ओळी वाचवून घेणें, हें काम दिसण्यास लहान आहे. परंतु पुढील सर्व मोठ्या कामाची तालीम त्यांस येथेंच मिळाली.

१९०० सालीं न्यायमूर्तींच्या प्रकृतीनें दगा दिला. हृदयाचा विकार बळावला. त्या वर्षींच्या डिसेंबरांत लाहोर येथें भरणाऱ्या सामाजिक परिषदेस जाण्याची त्यांची तयारी झाली होती, पण तो बेत रहित करावा लागला. त्या शेवटच्या आजारांत रमाबाई त्यांच्या उशापायथ्याशीं होत्या. १६ जानेवारी १९०१ रोजीं रात्रीं न्यायमूर्तींचें देहावसान झालें. सत्तावीस वर्षांचा सहवास संपला. पति गेला व गुरुही गेला. रमाबाईंचें वय तेव्हां अडतीस वर्षांचें होतें.

घरांतील माणसाचें दुखणें काढतांना प्रेमाची उणीव कधींच पडत नाहीं. उणीव पडते ती ज्ञानाची. नाडी मंद झाली याचा अर्थ काय, श्वास लागला असतां रोग्यास कसें बसवावें, कोणतें लक्षण दिसतांच डॉक्टरांस बोलवावें, हें प्रेमानें कळत नाहीं. तें शिकावें लागतें. घरोघरच्या बायका तेव्हां रात्र रात्र जागून रोग्यांची सेवा करीत, आणि त्यांपैकीं एकीसही हें कोणीं शिकविलेलें नसे. रमाबाईंनीं पुढें जें कार्य उभारलें त्याच्या मुळाशीं ही उणीव होती.

पतीच्या मृत्यूनंतर त्या मुंबई सोडून पुण्यास आल्या. सुमारें एक वर्ष त्या घराबाहेर पडल्या नाहींत. नंतर त्यांनीं हळूहळू बाहेर पाऊल टाकलें, तें प्रथम सभागृहांत नव्हे, तर जेथें दुःखी माणसें असतात तेथें. कारागृहांतील स्त्रियांस भेटून त्या चार शब्द सांगत. रुग्णालयांत जाऊन रोग्यांस फळें, फुलें व पुस्तकें देत. अशा फेऱ्यांत रुग्णालयाचा अंतर्भाग त्यांच्या परिचयाचा झाला. रोगी स्त्रियांच्या खाटा, त्यांचे संकोच आणि स्वभाषेंत बोलणाऱ्या शिकलेल्या परिचारिकेची वाण हें सर्व तेथें जाणाऱ्याच्या सहज दृष्टीस पडे. आजारी बाई आपलें दुखणें परक्या पुरुषास सांगत नसे. कित्येकींनीं तें कोणासही न सांगतां प्राण सोडले.

१९०४ सालीं मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिचें अध्यक्षस्थान रमाबाईंनीं भूषविलें. १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल या दोघां थोर गृहस्थांनीं मुंबईस सेवासदन नांवाची संस्था काढली व तिच्या अध्यक्षपदासाठीं रमाबाईंस विनंति केली. पुढच्याच वर्षीं, १९०९ सालीं, पुण्यांत सेवासदन निघालें. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांचे अविश्रांत परिश्रम व रमाबाईंचें मार्गदर्शन यांवर तें वाढलें. १९१० सालीं रमाबाईंनीं आपल्या संसाराच्या आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. मराठींत स्त्रीनें लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्याचें स्थान फार वरचें आहे.

सेवासदनांत प्रौढ स्त्रियांस लिहावयास वाचावयास शिकवीत, शिवणकाम शिकवीत, शिक्षिका तयार करीत. या कामांस विरोध झाला तरी तो सौम्य होता. खरी कसोटी लागली ती रुग्णसेवेच्या शिक्षणाचा विचार निघाला तेव्हां.

पालकांनीं त्या काळचें पुणें डोळ्यांपुढें आणावें. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें एक पेला चहा घेतला म्हणून रानडे, टिळक आदिकरून प्रतिष्ठित मंडळींवर केवढें वादळ उठलें होतें! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. एका पेल्याची ही कथा. मग ज्या कामांत कोणत्याही जातीच्या मनुष्याचें अंग पुसावें लागतें, जखमेचा पू काढावा लागतो, मलमूत्राचें भांडें उचलावें लागतें, परक्या पुरुषाच्या खाटेपाशीं उभें राहावें लागतें, आणि रात्रपाळीस घराबाहेर राहावें लागतें, त्या कामास आपली मुलगी किंवा विधवा सून कोण पाठविणार? नर्सचें काम म्हणजे हलकें काम, तें परधर्मीयांनीं किंवा पोटासाठीं लाचार झालेल्यांनीं करावें, अशीच समजूत होती. ख्रिस्ती मुली या कामांत पूर्वींपासून होत्या, मिरजेस डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयांत १८९७ सालापासून परिचारिकांचें शिक्षण चालूं होतें. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतूनही असें शिक्षण मिळत असे. दार होतें, परंतु पांढरपेशा हिंदु घरांनीं तें आपल्या मुलींपुरतें आंतून लावून घेतलें होतें.

ही आंतली कडी काढण्याचें काम रमाबाईंच्याच हातून होण्याजोगें होतें. त्याचें कारण असें कीं, लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. त्या न्यायमूर्तींच्या पत्नी होत्या. त्यांची राहणी साधी व वृत्ति धर्मशील होती. वडील माणसांचा मान त्यांनीं कधीं मोडला नव्हता. घरांतील जाच ज्या बाईनें निमूटपणें सोसला होता, तिच्यावर उच्छृंखलपणाचा आरोप कोण करणार? तरुणपणीं जी सहनशीलता निव्वळ दुःख वाटली असेल, तीच आतां भांडवल झाली. रमाबाईंनीं आईबापांची समजूत घातली. ज्यास समाजाची गरज आहे व ज्याची वाट रोगी पाहत आहे तें काम हीन कसें, असा त्यांचा साधा प्रश्न असे. १९११ च्या सुमारास सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत रुग्णसेवेचें शिक्षण घेण्यासाठीं जाऊं लागल्या. पुढें या शिकाऊ परिचारिकांसाठीं व वैद्यकी शिकणाऱ्या मुलींसाठीं संस्थेनें निराळीं वसतिगृहें चालविलीं. वसतिगृह ही गोष्ट क्षुल्लक समजूं नये. मुलगी रात्रपाळीहून परत येते ती कोठें, तेथें कोण असतें, तिच्या जेवणाखाण्याची व्यवस्था कशी आहे, हे प्रश्न बापाच्या मनांत पहिले येतात. आणि त्यांचें उत्तर मिळाल्यावांचून कोणतीही सुधारणा घराचा उंबरठा ओलांडीत नाहीं.

ससून रुग्णालय डेव्हिड ससून या उदार ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीनें बांधलेलें असून १८६७ सालीं उघडलें गेलें. तेथें जाणाऱ्या विद्यार्थिनीचें शिक्षण पुस्तकावर थोडें व खाटेपाशीं अधिक होई. वडील नर्स पुढें, शिकाऊ मुलगी मागें. बिछान्यावरून रोग्यास न उठवितां चादर कशी बदलावी, पाठीस जखमा होऊं नयेत म्हणून त्यास कुशीवर कसें वळवावें, ज्वरमापक कसें लावावें, नाडी मोजतांना घड्याळावर दृष्टि कशी ठेवावी, पट्टी घट्टही होऊं नये व सैलही राहूं नये ती कशी बांधावी, हें दुसऱ्याचे हात पाहूनच येतें. स्वयंपाक जसा आईच्या मागें उभें राहून येतो, तसेंच हें आहे. ज्यांनीं पूर्वीं कधीं परक्या मनुष्यास स्पर्श केला नव्हता, त्यांनीं तेथें परक्याचें रक्त पुसलें. सोंवळ्या घरांत वाढलेल्या स्त्रीस पहिल्या दिवशीं काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां आम्ही या चरित्रांतील एक प्रसंग सांगतों. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभांत बक्षिसें वांटण्याचें काम चाललें होतें. सदनांत शिकणारी एक विधवा आपलें बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली. रूढीप्रमाणें तिचें केशवपन झालेलें होतें. अंगावर आलवण होतें व त्याचा पदर तिनें मस्तकावरून घेतला होता. तिला पाहतांच सज्जांत बसलेल्या तरुण विद्यार्थ्यांनीं हुर्यो केली, तिची टर उडविली. रमाबाई तेव्हां कांहीं बोलल्या नाहींत. समारंभ संपत आला, आभार मानण्यासाठीं त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मुद्रेवर जो संताप दिसला तो पुष्कळांनीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. कॉलेजांत शिकणाऱ्या त्या तरुणांस त्यांनीं सरळ विचारलें कीं तुम्हांस सुशिक्षित तरी कसें म्हणावें. या सभेंतील किती जणांच्या घरीं अशी एखादी अभागिनी नाहीं? कोणाची बहीण, कोणाची आत्या, कोणाची प्रत्यक्ष आईही असेल. दुष्ट रूढीनें जिला या स्थितीस आणलें, तिच्यावर दया करावयाची सोडून तिला हंसतां? अशा आशयाचे त्यांचे शब्द होते. सभागृह स्तब्ध झालें. आभाराचे चार शब्द ऐकण्यास बसलेली मंडळी मान खालीं घालून घरीं गेली.

या प्रसंगाचें मर्म आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. रमाबाईंस स्वतःस जेव्हां बोल लागत होते, तेव्हां त्या वर्षानुवर्षें गप्प राहिल्या. दुसरीस बोल लागला, तेव्हां त्या एक दिवसही गप्प राहिल्या नाहींत. सहनशीलता व भीरुता यांमधील भेद यापेक्षां अधिक स्पष्ट करून सांगतां येणार नाहीं. स्वतःवरील अन्याय सोसण्यांत मोठेपणा असूं शकेल. दुसऱ्यावरील अन्याय पाहून गप्प बसण्यांत तो कधींच नसतो.

१९१५ सालीं पुणें सेवासदन ही स्वतंत्र संस्था म्हणून नोंदली गेली. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांच्या वेळीं रमाबाई आपल्या सेविका घेऊन आळंदीस जात व तेथें जमलेल्या स्त्रियांस साह्य करीत. मुलींचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व्हावें म्हणून पुण्यांत जी चळवळ झाली, तिच्यांत त्या अग्रभागीं होत्या. मुंबई इलाख्यांत स्त्रियांस मताचा हक्क मिळावा यासाठींही त्यांनीं खटपट केली. १९२४ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९६२ सालीं, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. पण आमच्या मतें त्यांचें खरें स्मारक कागदावर नाहीं. तें प्रत्येक रुग्णालयाच्या खाटेपाशीं उभें आहे.

अतिदक्षता विभाग ही व्यवस्था रमाबाईंच्या हयातींत नव्हती. तिच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे, कारण तींतही विद्यार्थ्यांनींच मोठें काम केलें आहे. १९५२ सालीं डेन्मार्क देशांतील कोपनहेगन शहरीं पोलिओची भयंकर सांथ आली. रोग्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत व ते गुदमरून मरत. ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनीं अशा रोग्यांच्या गळ्यास छिद्र पाडून नळी बसविली व हातानें रबरी पिशवी दाबून हवा आंत घालण्याची युक्ति काढली. पण पिशवी दाबणार कोण, आणि किती दिवस? तेव्हां वैद्यकाचे व दंतवैद्यकाचे विद्यार्थी पुढें आले. सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने रोग्यांच्या उशाशीं बसून आपल्या हातांनीं त्यांना श्वास दिला, आणि पुष्कळ जीव वांचले. पुढच्या वर्षीं, १९५३ च्या डिसेंबरांत, इब्सेन यांनीं अत्यवस्थ रोग्यांसाठीं निराळा विभाग उघडला. तोच आजच्या अतिदक्षता विभागाचा आरंभ मानतात. पिशवी दाबण्याचें काम आज व्हेंटिलेटर करतो. परंतु यंत्राची नळी निसटली हें प्रथम ज्याच्या ध्यानीं येतें तें मनुष्यच असतें, आणि बहुधा ती परिचारिका असते. म्हणूनच व्हेंटिलेटरवरील एका रोग्यामागें एक परिचारिका असावी असा दंडक आहे.

२०२० सालीं कोविडची सांथ आली, तेव्हां मुंबईच्या रुग्णालयांत रोग्याच्या आप्तांसही आंत जातां येत नव्हतें. मुलगा बाहेर, बाप आंत. त्या दिवसांत कित्येकांच्या हातांत शेवटचा हात होता तो परिचारिकेचा. ज्या कामास एके काळीं हलकें म्हणत, तें काम कोणत्या योग्यतेचें आहे याचा निकाल त्या वर्षीं लागला.

तरीही आमच्या पालकवर्गास आम्ही एक गोष्ट स्पष्टपणें विचारूं इच्छितों. बारावीनंतर मुलीनें, अथवा मुलानें, परिचारिकेचा अभ्यासक्रम घेण्याची इच्छा दर्शविली, तर आपल्या घरांत काय घडतें? डॉक्टर हो, पण नर्स होऊं नकोस, असा सूर अद्यापि ऐकूं येतो. रात्रपाळ्या आहेत, कष्ट आहेत, हें खरें. परंतु कष्ट आहेत म्हणून नको म्हणणें वेगळें आणि काम हलकें आहे म्हणून नको म्हणणें वेगळें. दुसरें कारण जर मनांत असेल, तर सज्जांत बसून हंसणाऱ्या त्या तरुणांच्या पंक्तीस आपण नकळत जाऊन बसलों, असें समजावें. ज्या दिवशीं आपलेंच माणूस त्या कांचेच्या दारापलीकडे असेल, त्या दिवशीं आंत कोणाच्या तरी शिकलेल्या लेकीनें जागें असावें अशीच प्रार्थना आपण करूं. ती लेक आपली असूं नये, दुसऱ्याची असावी, असें म्हणण्याचा अधिकार आपल्यास कोठून आला?

आणि विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, शिकणाऱ्यानें मागें उभें राहण्याची लाज बाळगूं नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या श्रीमंत घरांतल्या बाईही १८५१ सालीं जर्मनींतील कैसर्सवर्थ येथील सेविकांच्या आश्रमांत उमेदवार म्हणून राहिल्या व मग त्यांनीं १८६० सालीं लंडनमध्यें आपली शाळा काढली. रमाबाई पतीच्या पुढें पाटी घेऊन बसल्या, तेव्हां त्यांस ओनामाही येत नव्हता. जो आज कोणाच्या तरी मागें उभा राहून मन लावून पाहतो, त्याच्याच मागें उद्यां कोणी तरी वही घेऊन उभें राहील. अशा रीतीनें एका हातांतून दुसऱ्या हातांत जाणारी ही विद्या आहे. तिची सांखळी आमच्या शाळेंतील मुलामुलींच्या हातीं येऊन तुटूं नये, हीच आमची इच्छा.